राजाला मागून सांगणारी

१४ सप्टेंबर, रविवार

अक्षर वाकडं आलं तर दोष माझा नाही, नगर–मनमाड रस्त्याचा आहे. घरात वही उघडली की नेमकं तेव्हाच कुणाला तरी पाणी लागतं, म्हणून डायरी एस.टी.त लिहायची असं ठरवलंय. आमचं कोल्हार येईपर्यंत मी कुणाची आई नाही, कुणाची सून नाही. खिडकीजवळ बसलेली एक बाई आहे.

आज नगरच्या रविवारच्या वर्गात पंकजा मॅडमनी नाट्यलेखनाच्या पदविकेची खरी अट सांगितली. नुसती एकांकिका लिहून भागणार नाही. डिसेंबर संपायच्या आत ती खऱ्या प्रेक्षकांसमोर झाली पाहिजे आणि मॅडम स्वतः येऊन बघणार. प्रयोग नाही तर पदविका नाही. वर्गातली पोरं विशीतली, त्यांचे ग्रुप आधीपासून आहेत. त्यांनी तिथल्या तिथे मोबाईल काढून तालमीच्या वेळा ठरवल्या. माझं वय छत्तीस, आणि माझ्या ग्रुपमध्ये नवरा, दोन मुलं, सासू-सासरे आणि एक शेळी.

तरी मला हे हवंय. लहानपणी लग्नाहून घरी आलो की कोण काय बोललं ते मी सगळ्यांच्या आवाजात करून दाखवायचे. वडील मुद्दाम खुर्ची मांडून बसायचे. पुढे बी.ए. झालं, लग्न झालं, आराधना झाली, जॉय झाला, पण डोक्यातली माणसं काही गप्प बसली नाहीत. त्यांना एकदा तरी उजेडात उभं करायचंय. एवढंच मागणं आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार

एस.टी.चा नियम तिसऱ्याच दिवशी मोडला. दुपार आहे, मुलं शाळेत आहेत, स्वयंपाकघरात बसून लिहितेय.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आज सकाळी भांडी घासता घासता म्हणाल्या, "रविवारी चर्चमधी उपासनेला आपल्या बाकावर मोकळी जागा दिसती. लोक इचारत्यात, सून कुठं गेली म्हनून."

"सांगा की, शिकायला गेली."

"या वयात काय शिकती म्हनत्यात." आणि कढई अशी घासली की जणू मीच कढई.

त्यांचं एक मला मुळीच पटत नाही. त्या आबांना बोलूच देत नाहीत. आबा म्हणजे सासरे, यशया गुरुजी. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली, निम्म्या गावाला त्यांनी बाराखडी शिकवली. तो माणूस म्हणतो, "अगं, माझा तो आण, तो..." की आईंनी लगेच पुरं केलं, "चष्मा." आबा म्हणतात, "काल तो आला होता, आपला..." की आई, "शांतवन." एखाद्याचं वाक्य त्याच्या तोंडातून असं ओढून काढायचं म्हणजे काय. मी नवऱ्याला, जस्टिनना, म्हटलं, तुमच्या आईंना जरा सांगा. ते शुगर फॅक्टरीत पंपावर असतात, गोंगाटात काम करून त्यांना मोठ्या आवाजात "बघू" म्हणायची सवय झालीय. मोठ्या आवाजात म्हणाले, "बघू."

५ ऑक्टोबर, रविवार

युक्ती सुचली. प्रेक्षक कुठून आणायचे याची काळजी मी उगाच करत होते. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर नाताळात नाटक होतं आणि अख्खं कोल्हार बघायला येतं, आजूबाजूचे सगळे येतात. अडचण एकच. नाटक दरवर्षी तेच असतं, नाताळच्या गोष्टीतल्या दुष्ट राजाचं. कुण्या जुन्या मास्तरांनी पदांत लिहिलेलं, आणि राजा दरवर्षी आमचे आबा. जस्टिनच्या जन्माच्याही आधीपासून. ते पहिलं वाक्य म्हणतात, "कोण आहे तो, माझ्या राज्यात माझ्याहून मोठा?" आणि असे हसतात की पुढच्या रांगेतली बारकी पोरं आयांच्या पदरात शिरतात. त्याशिवाय नाताळ झाल्यासारखा वाटत नाही. बायका रंगमंचावर येत नाहीत, पोरंच साड्या नेसतात. आई पडद्यामागे बसून सगळ्यांना वाक्यं सांगतात. हातात कागद नसतो, सगळं पाठ आहे.

वर्ग लवकर सुटला म्हणून थेट मंडळीच्या कमिटीचे सेक्रेटरी शांतवनकाका यांच्याकडे गेले. त्यांनी हनुवटी खाजवली, पुन्हा खाजवली. म्हणाले, "नवं नाटक करू दे की पोरी, आमी कुठं नगं म्हनतोय. पन गुरुजी पायजेत. गुरुजी न्हाईत तर लोक उठून जातील. मला पन उठावं लागंल."

म्हणजे आबांना काम द्यायचं. यात काय अवघड आहे? घरचाच नट, तोही गावात गाजलेला.

१२ ऑक्टोबर, रविवार

मॅडमनी माझा पहिला खर्डा वाचला. एकांकिकेचं नाव 'अंधारयात्री'. नाव सुचलं तेव्हा मी स्वतःवरच खूश होऊन जॉयला दोन लाडू दिले होते.

मॅडम म्हणाल्या, "प्रार्थना, हा म्हातारा आपल्या बायकोला म्हणतो, 'जीवनाच्या या सायंकाळी मी एकाकी झालो आहे.' तुमच्या घरात कुणी असं म्हणतं का?"

"नाही."

"मग काय म्हणतात?"

मी विचार केला. आमच्या घरात म्हणतात, "चहा ठेव." पण चहा ठेवण्यात नाटक कुठे आहे? मॅडमना ग्रामीण जीवन ठाऊक नसावं. अपमान झाला असं लिहिणार होते, पण अर्धा रस्ता संपेपर्यंत अपमान ओसरला आणि भीती आली. त्या बरोबर असल्या तर?

२१ ऑक्टोबर, मंगळवार

शेजारच्या लंकाबाई दिवाळीचा फराळ घेऊन आल्या. ताटाबरोबर आबाही आले. सकाळी भाजी आणायला गेले होते, ते दुपार झाली तरी पत्ता नव्हता.

लंकाबाई हसत म्हणाल्या, "गुरुजी आमच्या वट्यावर चपला काढून बसले हुते. मला म्हनले, चहा झाला का? म्या म्हनलं, आज सनाचं गुरुजी आपल्याकडं आले. बसा म्हनलं."

 आईंनी आबांच्या हातातली पिशवी घेतली, ती रिकामी होती, आणि त्यांना हाताला धरून आत नेलं.

मला अर्थ कळला. काल मी त्यांना त्यांच्या भूमिकेची पानं दिली होती. पानं तशीच खाटेवर पडली आहेत, घडीसुद्धा उघडलेली नाही. राजाचं काम गेलं म्हणून माणूस रुसलाय, आणि रुसून सुनेच्या हातचा चहा सोडून शेजारणीकडे जाऊन बसलाय. मास्तर लोकांचा मान फार नाजूक असतो.

२ नोव्हेंबर, रविवार

फॅक्टरीचा सीझन सुरू झाला. जस्टिनची रात्रपाळी, म्हणजे दिवसा घरात कुणी मोठ्यानं श्वास घ्यायचा नाही. आराधनाचा दिवाळीचा गृहपाठ, माझा स्वाध्याय आणि डाळ, तिन्ही एकदम शिजत होतं. डाळ करपली.

चर्चच्या हॉलमधल्या तालमीला आबा आजही आले नाहीत. मागच्या वेळी खोकला होता, त्याआधी चष्मा सापडत नव्हता. मी घरी येऊन जरा चढ्या आवाजातच विचारलं, तर ते खिडकीबाहेर बघत राहिले. आईच अंगावर आल्या.

"त्यांच्या मागं लागू नगं. नाटक तुझं, हौस तुझी. त्यांना कशाला नाचिवती?"

"मग मी काय करू? ते नसले तर कमिटी नाटक उभं करू देणार नाही."

"नगं करू नाटक. घर हाय, पोरं हायती. कमी हाय का?"

 मागे जाऊन शेळीला चारा टाकला आणि तिथेच रडले. खरं सांगायचं तर मला त्या बाईचा त्या घटकेला राग नाही, द्वेष आला.

९ नोव्हेंबर, रविवार

जॉयला ताप. वर्ग बुडाला. कपाळावर पट्ट्या ठेवत दिवसभर बसले. आई त्याच्यासाठी पेज करत होत्या, माझ्याशी बोलत नव्हत्या, पण माझ्याही पुढ्यात वाटी ठेवली. पदविका सोडावी असं आज पहिल्यांदा शब्दांत मनात आलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज आबा तालमीला आले. आईच घेऊन आल्या, का कुणास ठाऊक. स्वतः हॉलच्या दारात उभ्या राहिल्या.

आबांचं पहिलं वाक्य छान झालं. दुसऱ्या वाक्याला थांबले. मी वाक्य सांगितलं, त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परक्या भाषेत बोलतेय. मग एकदम छाती पुढे काढली आणि राजाचं भाषण सुरू केलं. "कोण आहे तो, माझ्या राज्यात..." अखंड, एकही शब्द न चुकता, शेवटच्या हास्यापर्यंत. शांतवनकाकांनी टाळ्या वाजवल्या. सगळे म्हणाले, "व्वा गुरुजी, आवाज अजून तसाच हाय."

माझ्या नाटकाची अशी फजिती त्यांनी मुद्दाम केली. भरल्या हॉलमध्ये सुनेला दाखवून दिलं, खरं नाटक कोणतं ते. मी पानं गोळा केली आणि "आज एवढंच" म्हटलं. निघताना पाहिलं तर दारात आईंचे ओठ हलत होते. आबा बोलत होते तेव्हा त्यांच्यासोबत प्रत्येक शब्द त्या म्हणत होत्या. सवय, दुसरं काय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

माझ्याइतकी आंधळी बाई नगर जिल्ह्यात दुसरी नसेल.

दुपारी मुलं शाळेतून यायच्या वेळेला मी दूध तापवत होते. परसात आई आणि आबा तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. आईंचा आवाज आला, अगदी हळू, म्हणून मी मागच्या दाराशी गेले.

"थोरली कोन?"

आबा म्हणाले, "थोरली... आ..."

"आराधना."

"आराधना."

"धाकटा?"

"तो... पोरगा."

"नाव काय त्याचं?"

आबांनी आणखी एक शेंग सोलली.

"जॉय. आता येतील दोगं. पुना एकदा म्हना."

आबांनी बाराखडी म्हणावी तसं म्हटलं. आराधना, जॉय. आराधना, जॉय. मग आईंनी विचारलं, "आनि सून?" मी दारातून मागे आत आले, कारण उत्तर मला ऐकायचं नव्हतं.

दूध उतू गेलं तशी आई आत आल्या. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांना समजलं. गॅस बंद केला, ओटा पुसला, मग म्हणाल्या, "दुसरं वरीस हाय. जस्टिनला पन म्हाईत न्हाई. कुनाला बोलू नगं. मास्तर हाय त्यो. ज्यांना शिकिवलं ती लोकं त्याची कीव करतील, ते त्याला सोसायचं न्हाई."

"म्हणून तुम्ही वाक्यं पुरी करता."

"म्या जलमभर त्येच केलं की. आधी नाटकात करीत हुते, आता घरात."

"आणि मला नाटक नको म्हणालात ते..."

"त्यांना नवं काय ऱ्हात न्हाई डोक्यात. पानं हातात घेऊन रडले तुझी. रुसले म्हनून न्हाई, वाचलं त्ये टिकंना म्हनून. तरी तुझं तोंड बघवंना, म्हनून त्या दिशी तालमीला आनलं त्यास्नी."

मी त्यांच्या गळ्यात पडले असं लिहायला आवडलं असतं. आमच्यात तसं नसतं. मी सांडलेल्या दुधाचं फडकं त्यांच्या हातून घेतलं आणि धुतलं. पोरं दारात आली. आबा परसातून मोठ्यानं म्हणाले, "आराधना, जॉय, हातपाय धुवा." एकदम बिनचूक.

२४ नोव्हेंबर, सोमवार

जस्टिनना बुधवारी सांगितलं. आईंची परवानगी घेऊनच सांगितलं. ते "बघू" म्हणाले नाहीत. मोटारसायकलवर नुसते बसून राहिले, किल्ली लावली नाही. दुसऱ्या दिवशी आबांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हा आजार मागे फिरत नाही, पण माणसांत ठेवा, बोलतं ठेवा, आवडीचं करू द्या.

आणि मी 'अंधारयात्री' चुलीत घातलं. खरंच घातलं, त्यावर अंघोळीचं पाणी तापलं. तीन पहाटे सलग लिहीत होते, घरात कुणाला पाणी लागलं नाही. नवी एकांकिका अशी आहे: नाटकाआधीची रंगपटातली वेळ. राजाचं काम करणारा म्हातारा आणि पडद्यामागून त्याला वाक्यं सांगणारी त्याची बायको. तो तयार होतोय, ती त्याला एकेक गोष्ट सांगतेय. मुकुट कुठे, कोट कुठे, आपलं लग्न कुठे झालं, आपली मुलं किती. मधूनच तो राजाची वाक्यं म्हणतो, ती त्याला येतातच. जे येत नाही ते सांगणं हेच तिचं काम, तिची भूमिकाच ती आहे. तो अडला तरी नाटक अडत नाही, आणि बघणाऱ्यांना ते त्याचं कामच वाटेल. सांगणाऱ्या बाईला पडद्यामागे ठेवायचं नाही, त्याच्या शेजारी बसवायचं. आणि माणसं भाषण करत नाहीत. ती म्हणतात, "चहा ठेव."

वाचायला पानं आईंना दिली. त्यांनी संध्याकाळपर्यंत परत दिली. एका वाक्याखाली नखानं रेघ ओढली होती. "म्या असं न्हाई म्हननार. 'थकले' कशाला म्हनू? 'पाय दुखत्यात' म्हनंन."

त्या 'म्हनंन' म्हणाल्या. त्यांच्याही ते नंतर लक्षात आलं. "म्या? पुढं? लोकांसमोर?" आणि भाकरी थापायला गेल्या, ती भाकरी फाटली.

३० नोव्हेंबर, रविवार

पंकजा मॅडमनी सगळं वर्गात मोठ्यानं वाचलं. विशीतली पोरं मोबाईल खाली ठेवून ऐकत होती. वाचून झाल्यावर मॅडमनी विचारलं, "ही माणसं कुठे भेटली तुम्हाला?"

"घरातच होती," मी म्हटलं.

परतीच्या एस.टी.त उभं राहून आले, जागा नव्हती. पाय जमिनीवर होते असं काही आठवत नाही.

७ डिसेंबर, रविवार

उपासनेनंतर कमिटी बसली. शांतवनकाकांना नवं नाटक कळल्यापासून घाम फुटलाय. राजा आहे पण राजाचं नाटक नाही, आणि आजवर बाई स्टेजवर आली नाही. एकजण म्हणाले, वहिनींच्या, म्हणजे आईंच्या, जागी एखाद्या पोराला साडी नेसवा.

आई मागच्या बाकावर होत्या. तिथूनच उठल्या. मी त्यांना कमिटीसमोर बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

"एक इचारते," म्हणाल्या. "इतकी वर्सं राजा कुनाच्या तोंडानं बोलला? शिपाई कुनाच्या? मेंढपाळ कुनाच्या? समदे म्या सांगितलं तवा बोलले. म्हंजी समदं नाटक म्याच केलं. तुमी फकस्त पडदा सरकवायचा हाय."

चर्चचे पाळकसाहेब हसायला लागले, मग सगळेच. शांतवनकाकांनी हनुवटी न खाजवता होकार दिला. घरी येताना मी आईंचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

१४ डिसेंबर, रविवार

लेखी पेपर झाला, बरा गेला. आराधनानं सकाळी माझ्या हातावर पेन ठेवून "ऑल द बेस्ट" म्हटलं आणि जस्टिननी पोळ्या केल्या. पोळ्यांबद्दल इथं काही लिहीत नाही.

मनात मात्र खोल भीती आहे. आबांना मी स्वतःसाठी तर उभं करत नाही ना? काही दिवस ते हसत तालीम करतात, काही दिवस दारातूनच मागे फिरतात. गर्दी पाहून घाबरले तर? मी आईंना विचारलं, थांबवू का सगळं? त्या म्हणाल्या, "त्यांचं मला कळतं. जमंना वाटलं तर म्या हात धरून उठंन, आनि तूबी तवा नाटकाचं तोंड बघायचं न्हाई." मी शब्द दिला. मॅडम समोर असल्या तरी.

२३ डिसेंबर, मंगळवार

आज संध्याकाळी प्रयोग. आबांचं सकाळपासून बिनसलंय. अंगात कोट घालायला तयार नाहीत, हे घर कुणाचं म्हणून विचारताहेत. दारात कागदी चांदण्या लागल्यात, करंज्या तळून झाल्यात, मॅडमचा फोन आला की त्या निघाल्यात. अक्षर आजही वाकडं येतंय, आणि मी एस.टी.त नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

सगळं नीट आठवून लिहायचंय, एकही शब्द सुटायला नको. दुपारी आईंनी कानाशी राजाचं पहिलं वाक्य म्हटलं, तेव्हा कुठे आबा निवळले आणि चालू लागले.

चर्चपुढचं मैदान भरलं होतं. पंकजा मॅडम पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी लंकाबाई नवं लुगडं नेसून. मी विंगेत, हातात पानं. पडदा उघडला तेव्हा आबा खुर्चीवर आणि आई शेजारी स्टुलावर, पायाशी ट्रंक. मैदानात कुजबुज झाली, बाई बसलीय म्हणून.

आबा काही बोलेनात. आई म्हणाल्या, "म्हना की, कोट कुठं हाय." आबा म्हणाले, "कोट कुठं आहे?" लोक खळाळून हसले. आबांनी मैदानाकडे पाहिलं आणि मला दिसलं, त्यांच्या अंगात काहीतरी जागं झालं. हसण्याची वाट पाहून पुढचं वाक्य घ्यायचं हे त्यांची हाडं विसरलेली नव्हती. ते अडले की आई सांगायच्या, लोक हसायचे, आणि हळूहळू हसणं कमी होत गेलं. आई म्हणाल्या, "आपलं लगीन कुठं झालं?" आबा म्हणाले, "तू सांग." तेव्हा कुणीच हसलं नाही. लंकाबाईंनी डोळ्याला पदर लावला. त्यांना आपला वटा आठवला असेल.

मग आईंचं मोठं भाषण आलं, सबंध नाटकातलं त्यांचं एकच. इतकी वर्षं मागून बोलले, माझं स्वतःचं वाक्य कुठलं, असं ते आहे. आई उठल्या, पुढे आल्या, तोंडावर दिवा आला, आणि त्यांनी पहिल्यांदा समोरची सगळी माणसं पाहिली. त्या गप्प झाल्या. जिला सगळ्यांची वाक्यं पाठ, तिला स्वतःचं आठवेना. मी विंगेतून सांगायला तोंड उघडलं तर माझा आवाजच निघेना. पानं हातात, आणि ओळ सापडेना. मला वाटलं, संपलं. पदविका गेली, ती जाऊ दे, पण या बाईला मी भर गावात उभं करून लाजवलं.

आबा खुर्चीवरून उठले. हे नाटकात नव्हतं. सावकाश चालत आईंच्या शेजारी गेले.

"मरिया," ते म्हणाले. घरात ते त्यांना 'अगं' म्हणतात, नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. "मरिया, घाबरायचं नाही. म्हण. 'पडदा म्हंजी माझं लुगडं हुतं.'"

ते वाक्य आईंचं होतं. त्या महिनाभर रोज भांडी घासताना ते म्हणत होत्या, आणि आबा शेजारी बसून असायचे. कुठे जाऊन ते टिकलं होतं, देवाला ठाऊक.

आईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मैदानाकडे पाहून म्हणाल्या, "पडदा म्हंजी माझं लुगडं हुतं. त्याच्या मागनं म्या जग बघितलं." आणि थांबल्याच नाहीत. मी लिहिलेलं सगळं म्हणाल्या, वर चार वाक्यं स्वतःची घातली, ती माझ्यापेक्षा चांगली होती. आबा हात धरून उभे होते. शेवटी आबांनी राजाचं भाषण म्हटलं आणि ते हास्य केलं. पुढच्या रांगेतली पोरं रडली. मैदान उभं राहिलं, टाळ्या थांबेनात. विंगेत मी खाली बसून मोठ्यानं रडत होते आणि जॉय विचारत होता, "मम्मी, नाटक चुकलं का?"

मॅडम मागे आल्या. "तो म्हातारा उठून तिला वाक्य सांगतो, ती जागा अप्रतिम झाली. तुम्ही आधीच्या खर्ड्यात ठेवली नव्हती."

"मॅडम, ती मी लिहिलेली नाही."

त्यांनी आबा-आईंकडे पाहिलं. आई आबांच्या कोटाची बटणं काढत होत्या. मग मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वर्षी राज्यस्पर्धेला द्यायचं हे. आणि दुसरं नाटक लिहायला घ्या, उद्यापासून." जस्टिननी मोठ्या आवाजात सांगितलं, "घेईल, घेईल." त्यांचे डोळे लाल होते.

२५ डिसेंबर, गुरुवार

नाताळ. सकाळपासून माणसं येताहेत, सलाम करताहेत, करंज्या संपताहेत. जो तो आईंना विचारतोय, वहिनी, पुढचं नाटक कधी? आई म्हणतात, "लिहनारीला इचारा."

दुपारी जरा निवांत झालं तेव्हा आबा अंगणात उन्हात बसले होते, आई शेजारी. मी चहा घेऊन गेले. आबांनी कप घेतला आणि म्हणाले, "परवा एक नाटक झालं इथं. फार चांगलं होतं. कुणी लिहिलं?"

मी आईंकडे पाहिलं. त्या उत्तर सांगतील असं वाटलं. त्यांनी हनुवटीनं मलाच खूण केली.

"मी लिहिलं, आबा."

आबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, वर्गात नवीन मुलगी आली की मास्तर पाहतात तसं. "शाबास. नाव काय तुझं?"

मी नीट उभी राहून सांगितलं, "प्रार्थना."

"वडील काय करतात?"

"मास्तर होते. आता नाटकात काम करतात."

आबा समाधानानं हसले. मग आईंकडे वळून, शाळेत पालकांना बोलावून सांगत असतील अगदी तसं म्हणाले, "पोरगी हुशार आहे. हिचं शिक्षण थांबवू नका. घरकामाला लावू नका. पुढं शिकवा."

"शिकवू की," आई म्हणाल्या, आणि माझ्या हातातला चहाचा ट्रे काढून घेतला. "जा, बस लिहायला."